म्हस्के नानांचा तोडणी प्रोग्राम

आमच्या कॉलनीत म्हस्के नानांच्या दारात एक काळा फळा टांगलेला आहे. कुठल्या तरी शाळेनं टाकून दिलेला असावा, कारण कोपऱ्यात 'एकूण पट' ही अक्षरं अजून पुसट दिसतात. बदली होऊन श्रीरामपुरात आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दूध आणायला निघालो आणि तो फळा वाचत उभा राहिलो. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'पाण्याची टाकी धुणे. खोडवा. तोड बुधवार, सकाळी आठ.' त्याखाली, 'माळा आवरणे. आडसाली. तोड दिवाळीपूर्वी.' त्याखाली, 'स्वतःचे केस. तोड शुक्रवार.' आणि अगदी तळाशी, 'सौ.चा उजवा डोळा. तोड', आणि पुढे तारखेच्या जागी नुसता पांढरा फराटा.

मी दूध न घेताच परत आलो आणि बायकोला सांगितलं, शेजाऱ्यांशी जरा जपून.

मला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड आहे. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला ती माफ असते, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे. त्यामुळे आठ दिवसांत फळ्याचा उलगडा झाला. नाना जवळच्या एका साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. उसाच्या भागात ज्यांचं आयुष्य गेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. ऊस लावला की त्याची कारखान्यात नोंद करायची, लागणीची तारीख लिहून द्यायची, आणि त्या तारखेप्रमाणे पुढे तोडीची पाळी येते. कुणाचा ऊस कधी तुटणार, या यादीला इकडे सगळे 'प्रोग्राम' म्हणतात. नाना हा प्रोग्राम लावायचे. ऊस कच्चा तोडला तर साखर उतरत नाही, आणि जास्त दिवस उभा ठेवला तर त्याला तुरा येतो, आतून पोकळ पडतो, वजन घटतं. पस्तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या उसाला तारखा देत फिरला. निवृत्त झाल्यावर ऊस सुटला, प्रोग्राम काही सुटला नाही.

घरातल्या प्रत्येक कामाची नाना नोंद लावतात. सावकाश तयार होणारी मोठी कामं आडसाली. टाकी धुणं, जळमटं काढणं अशी, एकदा तोडली तरी बुडख्यातून पुन्हा फुटणारी कामं म्हणजे खोडवा. नोंद नसलेल्या कामाला ते हात लावत नाहीत आणि नोंद असलेलं काम सोडत नाहीत. त्यांच्यासमोर "बघू" किंवा "करू" म्हणायची सोय नाही.

"सर, कॅलिंडर काढा," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "सोमवार हाय, मंगळवार हाय. बघूवार कुठं दिसतो का? मंग तवा काम हुनार कसं?"

आता माझ्याविषयी. माझ्या हातून वेळेवर झालेलं एकमेव काम म्हणजे माझा जन्म, आणि त्यातही माझं काही कर्तृत्व नव्हतं. आमच्या न्हाणीघराची कडी तुटली होती. नवी कडी आणली होती, ती पिशवीतच होती. सहा महिने आमच्याकडे आंघोळ करणारा माणूस आत असल्याची खूण म्हणून मोठ्यानं गात असे. नानांनी भिंतीपलीकडून माझ्या बायकोच्या आरत्या ऐकल्या आणि वही घेऊन आले.

"कडी कवा मोडली?"

"गुढीपाडव्याच्या सुमारास."

नानांनी वहीत लागणीची तारीख लिहिली, बोटांवर महिने मोजले आणि माझ्याकडे फार दुःखानं पाहिलं. "तुरा आला की, सर."

मला रविवार साडेनऊची तोड मिळाली. बरोबर साडेनऊला नाना दारात हजर. मला वाटलं, मदतीला आले. पण ते हात मागे बांधून उभे राहिले. "मी नुस्ता प्रोग्राम. तोड तुमी करायची." मी दाराकडे पाहिलं. जुनी कडी काढायची, भोकं बुजवायची, नवी पाडायची, नवी कडी बसते की नाही पाहायचं. माझा चेहरा पाहून नाना म्हणाले, "अख्खा उसाचा फड बघू नका. फड बघितला का मानूस बांधावर बसतो. एक सरी बघायची. आज फक्त जुने स्क्रू काढा. बाकी जगाचं काय बी हुंद्या."

मी जुने स्क्रू काढले. काढल्यावर नुसतं थांबणं बरं दिसेना, म्हणून पुढचंही केलं. पंचवीस मिनिटांत कडी बसली. सहा महिने मी ज्या कामाला भीत होतो ते पंचवीस मिनिटांचं होतं, याची मला इतकी लाज वाटली की मी नानांना चहालासुद्धा थांबवलं नाही. तसेही ते थांबले नसते, त्यांची दहाला दुसरी तोड होती.

नानांच्या प्रोग्रामनं दर वेळी भलंच होतं असं मात्र नाही. कोपऱ्यावर सलीमभाई शिंपी आहेत. त्यांचा उशीर सगळ्या गावाला पाठ आहे. नानांनी एका लग्नसराईत त्यांच्या दुकानात बसून प्रत्येक ब्लाऊजची नोंद लावली, कापायचा दिवस, शिवायचा दिवस, हुकांचा दिवस. सलीमभाई माणूस भिडस्त, त्यांनी खरोखर सगळं वेळेवर शिवलं. पण गिऱ्हाईक येईना. सलीमभाईंनी बारा तारीख सांगितली म्हणजे वीसला जायचं, हा बायकांचा वर्षानुवर्षांचा हिशेब होता. आठ दिवस दुकानात तयार कपड्यांचा ढीग, आणि सलीमभाई रिकामे बसून घाबरलेले. "नाना, मेहरबानी करा, माझा टाईम मला परत द्या," असं म्हणून त्यांनी शेवटी हात जोडले.

लग्नाला नाना पत्रिकेवरच्या वेळेला जातात. त्यामुळे त्यांना कॉलनीतल्या कुठल्याही नवरा-नवरीपेक्षा मांडववाले आणि आचारी जास्त ओळखतात.

अशा माणसाच्या फळ्यावर तळाशी तो फराटा होता. 'सौ.चा उजवा डोळा.' मला त्याचंच कुतूहल सुटेना. टाकी धुतली जायची, माळा आवरला जायचा, फळा पुसून नवा लिहिला जायचा. ती एक ओळ तेवढी जागच्या जागी राहायची आणि तिच्यापुढची तारीख पुसली जायची.

गोदाकाकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. उजवा जास्त. दीड वर्षापूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, साधं ऑपरेशन आहे, करून टाका, थांबलात तर घट्ट होत जाईल आणि मग अवघड जाईल. नाशिकची मुलगी फोनवर विचारून विचारून थकली होती. काकू स्वतः कधी तक्रार करत नसत. त्या चहा ओतताना कान कपाकडे करायच्या. कप भरत आला की आवाज बदलतो, तो ऐकून त्या थांबायच्या आणि बशीत थेंबही सांडायचा नाही. पाहुण्याला वाटावं, या काहीतरी लक्ष देऊन ऐकताहेत.

बाकीचं सगळं नाना करायचे, आणि अर्थातच प्रोग्राम लावून. साडेसातला पेपर वाचून दाखवणे, मृत्यूच्या बातम्या दोनदा. नऊला तांदूळ निवडणे. अकराला पाच सुयांत दोरा ओवून ठेवणे. रात्री साडेसातला मालिका. हे मला भिंतीतून ऐकू यायचं. नानांना मालिकेत काडीचा रस नव्हता, पण ते शेतकी खात्यात पाहणीचा अहवाल द्यावा तसे सांगत राहायचे. "निळी साडी आत आली. तोंड वाकडं केलंय. आता म्हातारी बघती हाय. टोपलं हाय हातात, आत काय हाय ते दिसंना." मग काकूंचा आवाज, "विष आसंल." नाना म्हणायचे, "न्हाई, मला तर वांगी दिसत्यात."

मी एकदा विचारलंच. "नाना, सगळ्या कामांना तारीख देता, मग काकूंच्या डोळ्याला का नाही?"

"पक्व व्हायला पायजे, सर. कच्चा तोडला तर उतारा मिळत न्हाई."

"नाना, तो ऊस नाही. डॉक्टर तर म्हणताहेत की आजच करा."

"डाक्टरनं कधी फड बघितलाय का?" असं म्हणून ते तांदूळ निवडायला निघून गेले.

त्यांनी तारीख दिलीच नाही असंही नव्हतं. चारदा दिली होती. उन्हाळ्यात जखम चिघळते म्हणून पहिली गेली. पावसाळ्यात हवा ओली म्हणून दुसरी. तिसरीच्या वेळी काकूंना सर्दी झाली. चौथी का गेली हे वहीत लिहिलेलंच नव्हतं, आणि नानांच्या वहीत कारण नाही म्हणजे नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं. पण कुठं, ते मला कळेना. मला वाटायचं, माणूस भित्रा आहे, दुसरं काय.

दिवाळीची सुट्टी लागली त्या आठवड्यातली गोष्ट. बायको बाजारात गेली होती, मी बनियनवर दारापाशी खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो. आमच्या कॉलनीतली घरं एका साच्यातून काढल्यासारखी आहेत, तोच ओटा, तेच हिरवं दार. गोदाकाकू समोरच्यांची वाटी परत देऊन आल्या, सरळ माझ्या ओट्यावर चढल्या, चपला काढल्या, आत आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. बायकोकडे काही काम असेल, असं मला वाटलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्याच बोलायला लागल्या.

"अवो, पोरीचा फोन आला का माझ्याकडं द्या. मी सांगते, डोळ्याचं पुढल्या सालाला. तुमी तिला खोटं सांगत बसू नका. मला कळत न्हाई व्हय? कारखाना सुटल्यापून तुमाला कोन इचारीत न्हाई. पैल्या साली वही घिऊन ओट्यावर बसत हुता, कोन येईल म्हून. कोन आलं न्हाई, मला ठाव हाय. आता मी तरी इचारते, दारात कोन आलंय, पेपरात काय हाय. मला दिसाया लागलं तर तुमी दिवसभर करनार काय? त्या परीस ऱ्हाऊ द्या तो डोळा. मला तरी आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

मला हलता येईना. पेपरचा आवाज होईल म्हणून तो खालीही ठेवता येईना. शेवटी मी खोकलो.

काकूंचा चेहरा एकदम उतरला. हात भिंतीवर गेला. "सर? मी तुमच्यात आले व्हय?"

मी हो म्हणालो. त्या उठायची घाई करू लागल्या, पदर सावरू लागल्या. मी हात धरून त्यांना त्यांच्या ओट्यापर्यंत नेलं. पायरीवर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "ह्यातलं काय बी ह्यांना सांगू नका. माझी शपथ हाय."

मी घरी येऊन बसलो आणि मला नानांचा राग आला. खूप राग आला. स्वतःच्या रिकाम्या दिवसासाठी हा माणूस बायकोला अंधारात ठेवतो म्हणजे काय? मग आठवलं, की मृत्यूच्या बातम्या दोनदा वाचायला आणि सुया ओवायला कुणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नव्हती. राग जाईना, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं. हे काम मला 'बघू'वर टाकता येणार नव्हतं. मी तसाच उठलो.

नाना ओट्यावर फळा पुसत होते.

"नाना," मी म्हणालो, "काकू मघाशी माझ्या घरात आल्या. आपलं घर समजून. चपला काढून बसल्या."

त्यांचा हात थांबला. "काय म्हनली?"

"काही नाही. बसल्या नुसत्या."

नानांनी माझ्या दाराकडे पाहिलं, मग आपल्या दाराकडे, मग कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या रस्त्याकडे. तिथून ऊस भरलेला एक ट्रॅक्टर चालला होता, नुकताच हंगाम सुरू झाला होता. "ह्या अंगाला घर लागलं म्हून बरं," ते म्हणाले. "त्या अंगाला वळली आसती तर?"

 मग फडकं ओलं करून त्यांनी तो फराटा घासून घासून काढला. तारीख लिहिताना खडू दोनदा मोडला. "सर, पस्तीस वर्सं लोकांना सांगितलं, उभा ठिवू नका, वाळतो. आन् माझ्याच घरात मी तुरा येऊ दिला." त्यांनी तारीख लिहिली, गुरुवार. डोळे पुसायला त्यांनी तेच खडूचं फडकं घेतलं, त्यामुळे सगळं तोंड पांढरं झालं, आणि तसेच ते आत काकूंना सांगायला गेले.

गुरुवारी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ नाना बाकावर ताठ बसून होते. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, घट्ट झाला होता, वेळ लागला, पण छान झालं. नानांनी विचारलं, "आता तिला समदं आपलं आपलं करता यील?"

"एकदम. काही दिवसांत कुणाची गरज लागायची नाही."

"बरं झालं," नाना म्हणाले. बदलीचा हुकूम हातात पडलेला माणूस 'बरं झालं' म्हणतो, त्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. काकूंनी खोलीकडे, खिडकीकडे, माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ नवऱ्याकडे. "मिशी समदी पांढरी झाली की तुमची," त्या म्हणाल्या.

"सांगायचं ऱ्हाऊन गेलं," नाना म्हणाले.

घरी आल्यावर काकूंनी डॉक्टरांची सगळी पथ्यं पाळली, पण गप्प बसण्याचं पथ्य त्यांना दिलेलं नव्हतं. कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं त्यांनी बसल्या जागेवरून मोजली. नानांनी दीड वर्ष निवडलेल्या तांदळात किती खडे होते ते सांगितलं. चार दिवसांत पेपर त्या स्वतः मोठ्यानं वाचू लागल्या आणि नानांनी किती बातम्या गाळल्या असतील याचा अंदाज बांधू लागल्या. साडेसातला भिंतीपलीकडून मालिकेचा आवाज यायचा, नानांचा नाही. ते बाहेर ओट्यावर बसलेले दिसायचे, मांडीवर वही, पेन खिशात.

एकच गोष्ट उरली होती, डोळ्यात घालायचं औषध. दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असं सहा आठवडे उतरत जाणारं. नानांनी त्याचा तक्ता आखला. मी चित्रकलेचा मास्तर असून सांगतो, इतक्या सरळ रेघा माझ्याच्यानं ओढल्या जात नाहीत. वेळेच्या पाच मिनिटं आधी ते साबणानं हात धुऊन उभे राहत. "आजी, तुमचं तुम्हालाही घालता येईल हं," दवाखान्यातून आम्ही निघताना डॉक्टर म्हणाले होते. तेव्हा काकूंनी बाटली नानांच्या हातात दिली होती.

नवव्या दिवशी नानांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जावं लागलं. वर्षातून एकदा मशीनवर बोट ठेवून आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं असतं. "दहाच्या आत येतो," असं चारदा बजावून ते गेले. मी चकल्यांचा डबा द्यायला गेलो होतो, तो काकूंशी बोलत बसलो. त्या उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या, सुई त्यांची त्यांनीच ओवलेली.

दहा वाजले. सव्वादहा होत आले. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, अभ्रा बाजूला ठेवला आणि उठल्या. हात धुतले, बाटली हलवली, मान मागे टाकली, एका बोटानं खालची पापणी ओढली आणि थेंब बरोबर डोळ्यात सोडला. आरसासुद्धा घेतला नाही. कापसानं कड टिपली, बाटली होती त्याच जागी, तक्त्याच्या रेघेला लावून ठेवली आणि पुन्हा टाके घालू लागल्या. 

वीस मिनिटं उशिरा नाना धापा टाकत आले. सदरा घामानं भिजलेला. "बोटच घीना ती मशीन! धा डाव लावलं. जित्ता हाय म्हनलं तरी ऐकंना! आगं, दहाचा थेंब चुकला की. तू तरी घालून घ्यायचा."

काकूंनी अभ्रा सुईसकट उशीखाली सरकवला. "मला कुठं जमतंय? हात कापतो माझा. तुमचीच वाट बघत बसले."

"माझीच चूक," नाना म्हणाले आणि घाईघाईनं मोरीकडे गेले. साबण लावून, नळाखाली बराच वेळ हात चोळत राहिले. परत आले तोवर त्यांचा श्वास खाली बसला होता. काकूंनी मान मागे टाकली आणि चेहरा वर केला. नानांनी डावा हात त्यांच्या कपाळावर ठेवला, जिभेचं टोक दातात धरलं आणि थेंब सोडला.

"पडला?" त्यांनी विचारलं.

"पडला. गार वाटलं."

नानांनी तक्त्यात दहाच्या घरात खूण केली आणि पुढं 'वीस मिनिटे उशीर' असं प्रामाणिकपणे लिहिलं. मग पुढच्या घरावर बोट ठेवून म्हणाले, "आता साडेबाराला. कुठं जाऊ नगंस."

"न्हाई जात," डोळे मिटूनच काकू म्हणाल्या.